बरोबरीत सोडवायची कुस्ती

लातूरहून औशाला निघालेल्या बसमध्ये तनुजाच्या कानांत इअरफोन होते, पण गाणं कधीच बंद पडलं होतं. मागच्या सीटवर तिचे वस्ताद हरिओम आणि जत्रा कमिटीचे मल्लिनाथअप्पा बसले होते.

"टीव्हीवरची कुस्ती बघायची सोडली म्या, वस्ताद. कंपनीनं आमच्या जुन्या पैलवानाला त्या नव्या पोराकडून पाडलं."

"पोरगं दिसायला चिकनं हाय अप्पा. त्याच्या फोटोचे टी-शर्ट लई खपतेत म्हणं."

"टी-शर्टासाठी इमान इकायचं का? सारी हयात घातली की आमच्या पैलवानानं."

"तिथं आधीच ठरवून ठिवतेत सगळं."

"ठरवा की. पर जो लायक हाय त्यालाच जितवा. पब्लिक काय येडी न्हाई."

"हाव. बरं, परवा जत्रंत शेवटची कुस्ती आपल्या तनुजाचीच न्हवं?"

"तिचीच. तेवढी बरोबरीत सोडवा."

"अप्पा, सलामी झाली की लोळवंल ती समोरच्या पोरीला."

"म्हणून तर सांगायलोय. त्या पोरीच्या मामानं मंडप दिलाय. पुढच्या सालीबी मंडप लागतोच की."

"मी तनुजाला काय सांगू?"

"सांगा, गावाची इज्जत हाय म्हणून."

तनुजाने इअरफोन काढून नीट गुंडाळले आणि मागे वळली.

"अप्पा, बरोबरीच पायजे असंल, तर पंचाला सलामीच्या आधीच शिट्टी वाजवायला सांगा."