लाइन येईपर्यंत

— बसा, बसा सत्तारभाई, तुम्ही उठून उभे राहिल्यानं पंखा फिरणार आहे काय? लाइन गेली की अकोल्यातला माणूस आधी पंख्याकडे पाहते अन् मग वीज कंपनीच्या सात पिढ्या उद्धरते. तुम्ही बाळापूरचे, वेगळं काय केलं? अन् घाई कशाची? उजेडात या डॉक्टरले काही दिसलं नाही, अंधारात काय दिसणार! हा माझा उजवा हात पाहा — तळव्यापासून खांद्यापर्यंत असा ठणकते की चहाचा कप धरता येत नाही. एक्स-रे काढला, नसा तपासल्या, रक्त तपासलं. सगळं चांगलं. मग मागच्या खेपेले हा पोरगा — पोरगाच म्हणा, मिशी अजून नीट आली नाही त्याले — खुर्ची जवळ ओढून विचारते, ‘काका, काळजी कशाची करता?’ आता सांगा, हाडाच्या डॉक्टरले माझ्या काळजीशी काय करायचं? म्हणे, दुखणं खरंच आहे, तुम्ही ढोंग करत नाही, पण माणूस धास्तावला की नकळत अंग आवळून धरते, अन् तासन्‌तास आवळलेलं अंग दुखतेच. म्हणजे फी हाडाची अन् प्रवचन मनाचं! अर्धं आयुष्य तहसीलमध्ये कारकुनी केली, उरलेलं वाचनालयात काढलं, अन् हा मले धास्तीचा अर्थ सांगते.

काय म्हणता? कधी दुखते? दिवसा. संध्याकाळी उतरते. रोज — नाही, रोज नाही, सुट्टीच्या दिवशी नाही दुखत. माझी कसली सुट्टी, मी रिटायर माणूस, दामिनीची सुट्टी. माझी पोरगी. वायरमन आहे. हसा, सगळेच हसतात. आत्ता तुम्ही जिले शिव्या दिल्या त्याच कंपनीत. कमरेले पट्टा बांधते अन् चढते खांबावर. मी म्हटलं होतं, ‘टेबलाची नोकरी पाहा, सावलीत बसशील.’ तर म्हणते, ‘बाबा, सावलीत बसून तुम्ही कोणते दिवे लावले? मी निदान लोकायचे लावते.’ अशी जीभ! अन् तिची आई, इंदूबाई, दुपारी निवांत झोपते, घोरते. तिचं काही दुखत नाही. म्हणजे मायले धास्ती नाही अन् मले आहे? खांब ती धरते, मी कशाले काही धरीन?

अन् ही लाइन गेली म्हणता ना — गेली नाही, घालवली. सबस्टेशनले सांगून बंद करवतात, तेव्हाच माणूस वर चढते. म्हणजे या घडीले कोणीतरी वर आहे. तुम्हाले घाम येऊन राहिला, तेवढंच तुमचं दुःख. त्या बाई पाहा, पदरानं वारा घेत ‘मेले झोपले काय’ म्हणून राहिल्या. झोपले नाहीत हो बाई, लटकले आहेत! — आता ती दामिनीच असेल असं नाही. सकाळी म्हणाली होती, दवाखान्याच्या बाजूलेच काम आहे. म्हणून मी इथं आलो असं नका समजू. हात दुखते म्हणून आलो.

हे — आली. फिरला पंखा. कशी तोंडं उजळली पाहा सगळ्यायची! थांबा, एवढ्यात हसू नका. लाइन आली म्हणजे चांगलंच झालं असं नसते, सत्तारभाई. माणूस उतरल्यावर सोडली तर ठीक. कधी सबस्टेशनवरचा घाई करते, वर माणूस असतानाच — मागच्या साली तिच्या सोबतचा एक पोरगा — जाऊ द्या. खाली उतरली की ती मले मिस कॉल देते. मी कधी मागितला नाही, तीच देते. या खिशात फोन आहे, काढा जरा — तुम्हीच काढा, माझी बोटं उघडून नाही राहिली. धरा समोर. रेंज आहे ना? आवाज चालू आहे ना? काहून बोलता मधात! गप बसा —

वाजला. नाव वाचा. दामिनीच ना? नीट वाचा. कापला? कापणारच. बापाशी दोन शब्द बोलली तर जीभ झिजते तिची.

द्या तो फोन इकडे. काय पाहून राहिले? हो, उजव्याच हातानं घेतला, मग? दुखणं गेलं असं कोण म्हणते? ती काउंटरवरची पोरगी ‘मोतीराम, मोतीराम’ ओरडून राहिली, जा तुम्हीच आत माझ्या नंबरावर. मी चाललो. अन् हे पाहा, त्या पोराले यातलं एक अक्षर सांगू नका. उगाच त्याले वाटेल, आपण डॉक्टर आहोत.