मुलाचं लक्ष नसताना

आई : संस्थेच्या कागदावर पुन्हा हेच वाक्य! ब्याऐंशी सालीसुद्धा अगदी हेच होतं. ‘मुलाचं लक्ष नसताना त्या बाई निघून जातील.’ इतक्या वर्षांत यांना दुसरं काही सुचलं नाही?

लेक : आई, हळू. दत्तक देण्याचं काम तिथल्या मॅडम रोज करतात. त्यांना कळत असेल ना?

आई : रोज करतात म्हणूनच म्हणते. उद्या तुझ्याकडे येणारं पोर चार वर्षांचं. संस्थेनंच ते एका आजींकडे सांभाळायला ठेवलं होतं, त्यांच्या अंगाखांद्यावर वाढलं. आता त्याला खेळणी दाखवायची आणि आजींनी पसार व्हायचं? चोरी केलीय का त्यांनी?

लेक : मुलं रडतात म्हणून करतात तसं. नंतर सहा महिने भेट नाही, म्हणजे त्याला आमची सवय लागेल.

आई : सवय! सवय चपलेची लागते.

लेक : आदल्या दिवशी हे नको ना ऐकवूस. वाद घातला की ‘पालकांची तयारी नाही’ म्हणतात. किती वर्षं थांबलोय आम्ही! मूल दुसऱ्या कुणाला दिलं तर?

आई : याच भीतीवर तर यांचं सगळं चालतं. मीही बसलेच होते गप्प, तुला आणलं तेव्हा.

लेक : मला माहितीय. शिंपीण मावशीनं मला सांभाळलं, मग तुम्ही आणलंत.

आई : तेवढंच माहितीय तुला. मधलं मी कधी सांगितलं नाही. संस्थेत तुला लाकडी ठोकळे दिले आणि मावशीला मागच्या जिन्यानं काढलं. मी पाणी प्यायला गेले, तर ती चपला हातात घेऊन उतरत होती. आवाज होऊ नये म्हणून! मला म्हणाली, ‘ताई, तिला ना...’ तेवढ्यात त्या वेळच्या मॅडम आल्या मागून. वाक्य तिथंच राहिलं.

लेक : आणि मी?

आई : तू घरी आलीस आणि तोंड मिटलंस. ना घास, ना शब्द, ना झोप. तुझी खोली केवढ्या हौसेनं केली होती! जाड पडदे, रेडिओ बंद, बाबा घरात चवड्यांवर चालायचे. मॅडमचीच सूचना, ‘घर शांत ठेवा.’ आणि तू आपली पडल्या पडल्या उजवा पाय हलवायचीस. टाच, चवडा, टाच, चवडा. थांबायचंच नाव नाही.

लेक : आजारी होते का?

आई : डॉक्टर म्हणाले, डोक्याचं काहीतरी दिसतंय, औषध सुरू करू. मॅडम म्हणाल्या, ‘तुम्हीच घाबरट आहात, ते मुलीला कळतं. जमत नसेल तर परत आणा.’ परत आणा! पोचा आलेलं पातेलं होतीस तू?

लेक : असं म्हणाल्या?

आई : तोंडावर. मग माझं डोकंच फिरलं. संस्थेतल्या आयाबाईंना गाठून मावशीची गल्ली विचारली आणि तुला कडेवर घेऊन थेट तिच्या दारात. एकच खोली, त्यात अर्धी जागा शिलाई मशीनची. तुझ्या पायाचं सांगितलं तशी मावशी हसायला लागली, आणि हसता हसता रडली. ‘ताई, मशीन चालवतेय ती. माझ्या पायाशीच निजते, पायडलच्या आवाजात. मशीन थांबलं की जागी होते.’

लेक : आणि तुम्ही घर शांत ठेवलं होतंत.

आई : चवड्यांवर चालत होतो, मूर्खासारखे! अगं, एक वाक्य कुणी सांगायला हवं होतं. मॅडमना ठाऊक नव्हतं असंही नाही. तपासणीला जायच्या, त्याच मशीनशेजारी बसायच्या, स्वतःच्या लेकीचे फ्रॉक शिवून घ्यायच्या. पायाशी झोपलेलं पोर दिसत नव्हतं त्यांना?

लेक : मी जेवले त्या दिवशी?

आई : मावशीच्या हातून. टीप मारता मारता एक घास, दोरा तोडता तोडता एक. मग बाबांनी जुनं मशीन आणलं.

लेक : आपलं मशीन? मला वाटायचं, ते तुझ्या लग्नातलं.

आई : मला धड बटण लावता येत नाही, मी कशाला मशीन मागतेय? बाबा बिनदोऱ्याचं चालवत बसायचे, तू झोपेपर्यंत. शेजारीण म्हणायची, एवढं शिवतात, पण अंगावर कपडे तेच! आणि मावशी दर रविवारी येऊ लागली. मॅडमना विचारायला मी गेलेच नाही.

लेक : हे आधी का नाही सांगितलंस?

आई : तुला वाटलं असतं, तुला आमच्याकडे यायचंच नव्हतं.

लेक : माझा फोन दे बघू.

(लेक फोन लावते.)

लेक : मॅडम, उद्या मुलाला न्यायला येतोय ना, मीच बोलतेय. त्या आजींनाही आम्ही सोबत घरी नेणार आहोत. राहतील थोडे दिवस... हो, तुमची पद्धत माहितीय, माझ्यावर झालीय ती... रागावून नाही बोलत. तो कशानं झोपतो, ठाऊक आहे तुम्हाला?... नाही ना? मग आम्ही कुणाला विचारायचं?... चालेल, जबाबदारी आमची. तीच तर मागतोय.

आई : काय म्हणाली?

लेक : ‘बघा बाई, नंतर तक्रार नको.’ पण नेऊ देतेय. आई, आपल्या त्या मॅडमचं पुढे काय झालं गं?

आई : काय व्हायचंय? संचालक झाल्या. सत्कार झाला. अजून भाषणं देतात, ‘मुलांचं मन’ या विषयावर, आणि लोक टाळ्या वाजवतात. डॉक्टरांनी दवाखान्यावर आणखी एक मजला चढवला. कामावरून काढलं ते आयाबाईंना, गल्ली सांगितली म्हणून. मी जाऊन भांडले, कुणी ऐकलं नाही. बाबा तर जाईपर्यंत मशीनला तेल घालत होते.

लेक : आणि मावशी गेली, तेव्हा मी होतेच.

आई : नर्सनं विचारलं, ‘तुम्ही यांच्या कोण?’ तू म्हणालीस, ‘मुलगी.’

लेक : तू शेजारीच होतीस. मला तुझ्याकडे बघायचा धीर झाला नव्हता.

आई : तू डॉक्टरांना बोलवायला धावलीस. मग नर्सनं मलाही तेच विचारलं. मी म्हटलं, मी त्या मुलीची नंतरची आई.