‘जलरेखा’चे मानपत्र

गुरुजी: ‘जिच्या गर्जनेने रिपूंची हृदये विदीर्ण झाली’, हे वाक्यही काढायचे? मग मानपत्रात उरते काय, जहीर?

जहीर: गुरुजी, ‘जलरेखा’वर तोफच नव्हती जी. किनाऱ्याच्या सर्वेक्षणाचं जहाज ते. बत्तीस वर्षं समुद्राचा तळ मोजला, बस.

गुरुजी: बत्तीस वर्षे केवळ मोजणी?

जहीर: हाव. वावरात वखर फिरते तशी. इकडून तिकडं, तिकडून इकडं. खाली आवाज सोडाचा, तो परत आला का खोली लिहाची.

गुरुजी: समुद्र मी काव्यातच पाहिला. तेथे तो फार गर्जतो.

जहीर: आमच्या जहाजावर जेवणाची घंटा गर्जे.

गुरुजी: पराक्रम म्हणावा असा एकही प्रसंग नाही?

जहीर: एक हाये. पण तो लिहू नका, असं हापिसाचं पत्र आलं.

गुरुजी: मला तर सांग.

जहीर: नकाशात नसलेला खडक शोधून राहिलो होतो. सापडला. जहाजच त्याच्यावर आदळलं. सुकाणू माह्या हाती होतं.

गुरुजी: शिव शिव!

जहीर: खडक नकाशावर चढला अन् माही बढती कायमची अडली. चौदा वर्षं झाली, तिथं दुसरं जहाज आदळलं नाही. आता ‘जलरेखा’ भंगारात चालली. परवा तिच्या निरोपाले मानपत्र वाचाले मलेच बलावलं. अन् त्यात खडकच नाही! मंग मी काय, नुसता गुन्हेगार?

गुरुजी: शांत हो. मराठीत नको असेल, तर संस्कृतात लिहू.

(गुरुजी चष्मा पुसून लिहितात.)

गुरुजी: ऐक. ‘स्वयं क्षतापि नौः सा हि ररक्षान्याः सहस्रशः।’

जहीर: साहेबानं अर्थ विचारला तं?

गुरुजी: श्लोकाचा अर्थ सभेत कोणीही विचारत नाही, सर्व जण आदराने मान डोलावतात. तू मात्र सांग. माझ्या वर्गात शब्दरूपे तुझ्याइतकी कोणाला येत नसत.

जहीर: ‘सोता जखमी होऊनही त्या नौकेनं... दुसऱ्या हजारो नौका राखल्या.’ गुरुजी, ‘हजारो’ खोडा.

गुरुजी: का रे? न बुडालेल्या नौका कोण मोजणार?

जहीर: म्हणूनच जी. जेवढं मोजलं तेवढंच लिहाचं, एवढंच तं तिनं जन्मभर केलं.