डावीकडचं वजन

...आणि आता बाथरूमची कडीसुद्धा काढून नेली! कडी! तुम्हाला सांगतो, माणसानं आंघोळ करताना सारखं गाणं म्हणत राहायचं, म्हणजे बाहेरच्यांना कळतं की हा अजून आहे, आणि गाणं जरा थांबलं, साबण डोळ्यांत गेला म्हणून थांबलं, की दारावर धाडधाड थापा, "भावोजी? भावोजी! काहीतरी बोला!" अहो, काय बोलू? डोळे चुरचुरतायत म्हणून बोलू? ही माझ्या मेहुण्याची बायको. भाजी चिरायची सुरी तिच्या पर्समध्ये असते. मी टोमॅटो हातानं कुस्करून खातो. आणि कशासाठी हे सगळं? मी जीव द्यायला गेलो नव्हतो हो!

नीट ऐका. मेहुण्याकडे एक बोट आहे. नावाडी वल्हवतो तसली नाही, इंजिनाची, लाटा काढायची बोट. तलावात कुठल्या आल्या लाटा? तर त्या ही बोट काढते. सीटांखाली मोठमोठ्या रबरी पिशव्या, पंप लावला की तलावाचंच पाणी ओढून त्या भरतात, आणि बोट मागनं अशी खाली बसते, अशी बसते की नवीन माणसाला वाटतं संपलं सगळं. मग ती सायकलच्या वेगानं चालवायची. मागे लाट उठते, आणि त्या लाटेवर मेहुण्याची लेक फळी घेऊन उभी. तिला आम्ही चिमणी म्हणतो. आधी दोरी धरते, मग दोरी सोडून देते आणि नुसत्या लाटेवर चालते, बघत राहावं असं. पण ती लाट नुसती नाही हो येत! डावीकडे लाट पाहिजे, तर मागची डावी पिशवी गच्च, उजवी थोडी, पुढची बेताची. जरा इकडंतिकडं झालं की लाटेचा नुसता फेस. मेहुणा सुकाणूवर बसून सारखा ओरडत असतो, "वजन! सगळा खेळ वजनाचा आहे!"

आता यात माझा काय संबंध? अहो, काही नाही! माझी बायको गेली, ती या मेहुण्याची बहीण. बहीण होती तोवर मी भावोजी. ती गेल्यावर मी कोण? पहिले काही दिवस फोन आले, "जेवलात का?" मग वाढदिवसाला आले, मग तेही... असू दे. कुणाला दोष देत नाही मी. फक्त रविवार फार लांब असतो हो. सकाळी पेपर वाचून संपतो, आणि घड्याळात बघावं तर अजून सकाळच.

आणि एके दिवशी मागच्या डाव्या पिशवीचा पंप जळाला! माझं नशीब उघडलं! मेहुण्याचा फोन, "भावोजी, रविवारी काय करताय?" मी म्हटलं, बघतो, डायरी बघून सांगतो. कसली डायरी? धावत गेलो! त्यानं मला मागच्या डाव्या कोपऱ्यात बसवलं, लाइफ जॅकेट चढवलं... तेव्हा मी कसा होतो, सांगू? रिक्षात शेजारी कुणी बसत नव्हतं. मी टेकलो आणि लाट अशी आली म्हणता, काचेसारखी! चिमणी मागनं ओरडली, "काका, हलू नका! अजिबात हलू नका!" तुम्हाला सांगतो, माझे डोळे भरून आले. बायको गेल्यापासून मी इथनं हललो काय, तिथनं हललो काय, कुणाला फरक पडत होता? आणि ही पोरगी म्हणते, हलू नका! मी शिंकसुद्धा गिळली.

मग दर रविवार आपला. डबा, थर्मास, चेष्टामस्करी. "काका आले, लाट आली!" आणि अशात तो डॉक्टर... डॉक्टर कसला, माझा वैरी! म्हणतो, "हृदयावर ताण आहे, वजन उतरवा, नाहीतर मी जबाबदार नाही." मी म्हटलं, डॉक्टर, दुसरं काही उतरवलं तर चालेल का? नाही म्हणाला. मग काय, चालणं, उकडलेलं खाणं... तसंही एकट्यासाठी कोण कढई चढवतो? उतरलं हो वजन! भराभर उतरलं! डॉक्टर खूश. आणि रविवारी लाट बसली. मेहुण्यानं मागे वळून माझ्याकडे पाहिलं, पोलीस बघतो तसं. "भावोजी, बारीक झालात का?" मी म्हटलं, छे, शर्ट सैल आहे. तर म्हणतो, "नाही, म्हणजे, नवीन पंपच मागवतो आता. तुम्हाला तरी किती त्रास द्यायचा?" त्रास! उद्या पंप आला की कोपऱ्यात पिशवी बसणार, आणि पिशवी काही बिस्किटं खात नाही.

आता ऐका, मी नोकरी कुठे केली? वजनमाप खात्यात! निरीक्षक! उभा जन्म दुकानदारांच्या ताजव्यांखाली हात घालून चिकटवलेलं शिसं काढण्यात गेला. कुणी कुठे कसं लपवतो, सगळं तोंडपाठ. तर मी काय केलं, भंगारवाल्याकडनं शिशाचे तुकडे आणले, जुन्या पट्ट्याला आतनं खिसे शिवले... बायकोच्या शिवणाच्या डब्यातली जाड सुई, तिचाच जांभळा दोरा... आणि पट्टा कमरेला, वर शर्ट, त्यावर जॅकेट. मी! ज्यानं आयुष्यभर अशा माणसांवर खटले भरले! पण तुम्हाला सांगतो, बोटीत बसलो आणि लाट पुन्हा काचेसारखी. मेहुणा खूश, "पंपाची काही घाई नाही." मी जीव द्यायला गेलो होतो का? मी टिकायला गेलो होतो हो!

पुढचे रविवार छान गेले. मग एकदा मेहुण्याचा साहेब आला, सपत्नीक. चांगली वजनदार मंडळी. त्यांना मागे माझ्या कोपऱ्यात बसवलं, आणि मेहुणा मला म्हणाला, "भावोजी, तुम्ही पुढे टोकाला जा, नाहीतर मागचं फार दबेल." पुढची पिशवी त्यानं माझ्या वजनाचा अंदाज घेऊन भरलेली. अंदाज माझा, शिशाचा नाही! मला कळत होतं, टोक खाली झुकलंय. निरीक्षक आहे मी, मला नाही कळणार? पण बोलू काय? साहेबासमोर शर्ट वर करू?

आणि चिमणी पडली. नेहमीच पडते, त्यात काही नाही. पण साहेबासमोर पडली म्हणून मेहुणा गडबडला, वेग एकदम तोडला आणि बोट गर्रकन वळवली. आणि जी लाट आम्हीच काढली होती ना, तीच समोरनं आली आणि सरळ टोकावरनं आत! मी चिमणी कुठे दिसते का बघायला अर्धवट उठलेला... बस! गेलो पाण्यात!

जॅकेट म्हणतं वर चल, शिसं म्हणतं खाली चल, आणि मी मधल्या मधे उभाच्या उभा, नाकाच्या वर पाणी. डोक्यावर उजेड दिसतोय, हात पोचत नाही. आणि पट्ट्याचं बकल माझ्या हातात होतं हो! एका बोटाचं काम! खट् केलं की शिसं तळाला, मी वर. आणि तुम्हाला सांगतो... मी नाही काढलं. का नाही काढलं? त्या क्षणाला, छातीत आग पेटलेली, कान फुटायला आलेले, आणि माझ्या डोक्यात काय आलं? पट्टा गेला तर पुढच्या रविवारी काय? हसा. हसण्यासारखंच आहे. मी रोज रात्री मनातल्या मनात त्या बकलावर बोट ठेवून जागा असतो.

चिमणी पोहत आली, बुडी मारली, तिनंच मला बोटीपाशी ओढलं. तोवर मेहुण्यानं सगळ्या पिशव्या रिकाम्या करायला पंप लावलेले, साहेब बादलीनं पाणी उपसतोय, साहेबीणबाई रडतायत. मला वर ओढताना शर्ट फाटला, पट्टा तुटला, आणि शिशाचे तुकडे ठकठक ठकठक सगळ्यांच्या पायाशी. मेहुण्यानं पट्टा उचलला, उलटा केला, आणि त्याचा चेहरा... "ताईचा दोरा," म्हणाला. एवढंच. मग माझ्या गळ्यात पडून असा रडला, असा रडला, बहीण गेली तेव्हासुद्धा रडला नव्हता. "भावोजी, तुम्ही एकटे पडलात आणि मी बघितलंसुद्धा नाही!" मी तोंड उघडलं सांगायला की अरे बाबा, मी जीव द्यायला गेलो नव्हतो. तर तोंडातनं तलाव बाहेर आला.

नंतर सांगितलं की! कितीदा सांगितलं! "असं नाही रे, चुकून झालं." तर मेहुणा-वहिनी एकमेकांकडे बघतात. "चुकून? शिसं कमरेला चुकून शिवलं?" आता या माणसांना मी काय सांगू? की तुम्ही मला बोलवावं म्हणून मी मापात फसवणूक केली? मेलेलं परवडलं!

तेव्हापासून बोटीवर ताडपत्री. दर रविवारी सगळी वरात माझ्याकडे, सकाळपासून. वहिनी स्वयंपाक करते, मेहुणा शेजारी बसून माझा हात धरतो, आम्ही पत्ते खेळतो. चिमणी समोर बसून माझ्याकडे बघत असते. तिला कळलंय. लाट कुणी ओळखायची, तर तिनं! परवा पाणी द्यायला आली आणि कानाशी म्हणाली, "काका, ते लाटेसाठी होतं ना? सांगून टाका ना बाबांना. मला पाण्यात जायचंय हो. आता तर नवा पंपही येऊन पडलाय."

पंप येऊन पडलाय. ऐकलंत?

वाईट वाटतं हो पोरीचं. सांगणार आहे मी. एखाद्या रविवारी सांगूनच टाकणार आहे, की मी जीव द्यायला गेलो... अरे, बेल वाजली! आले वाटतं. तुम्ही बोलू नका हं काही. थांबा, जरा तोंड पाडून बसतो.