गुरुजी थांबलेच नाहीत

तुझी नात पहिलीत कोडिंग शिकते, त्याचं काय एवढं कौतुक रे? आम्ही ते लालबागच्या शाळेत चौथीत शिकलो, तेही संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत! शिक्षकांनी मोर्चात दिसायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. एक दिवस गुरुजी वर्गात म्हणाले, "आज मी यंत्र. तुम्ही सांगाल तेवढंच करीन, पदरचं काही घालणार नाही."

मी ओरडलो, "चालायला लागा!"

गुरुजी निघाले. दाराबाहेर, जिना उतरून, फाटक ओलांडून थेट मोर्चात! वर मूठ उगारून "झालाच पाहिजे!" आता हे काही मी सांगितलं नव्हतं. आम्ही खिडकीत नाचतोय नुसते.

दुसऱ्या दिवशी हेडमास्तर वर्गात हजर. "गुरुजी, नोकरी नकोशी झालीय?"

"माझा काय दोष? यंत्र हुकमाप्रमाणे चालतं. हा 'थांबा' म्हणायला विसरला," म्हणत गुरुजींनी माझ्याकडे बोट केलं.

माझी तंतरली! हेडमास्तर माझ्यापाशी आले. तेवढ्यात रस्त्यावरून पुन्हा घोषणा ऐकू आल्या. त्यांनी टोपी नीट केली, माझ्या कानाशी वाकले आणि म्हणाले, "बाळ, आज यंत्र मी. सांग बघू."