स्वस्त शहराचा पगार

मुलगी : चोर आहेत सगळे. कोट घातलेले चोर. बाबांना अर्धांगाचा झटका आला म्हणून इकडे येऊन घरून काम करतेय, तर पगाराचा तिसरा हिस्सा कापला. का? तर म्हणे, लहान शहरात तुम्हाला स्वस्त पडतं.

आई : अगं, हळू. जागे आहेत ते.

मुलगी : ऐकू देत की. मी इंजिनिअर, इथं बसून हिशेब केला म्हणून बिल्डिंगचा खांब बारीक होतो का? काम तेच, साहेबाची बोलणीही तीच. ती नाही कापली कुणी.

आई : पण तिकडचं घरभाडं वाचलं ना तुझं?

मुलगी : वाचलं. आणि बाबांना बोलायला शिकवणाऱ्या बाई? त्या तिकडून येतात. गाडीभाडं आपलं, फी वेगळी. इथं स्वस्त आहे आई, कारण इथं काही मिळतच नाही.

आई : मग बाईंना बंद करू या.

मुलगी : इतक्या महिन्यांत एक शब्द आलाय बाबांच्या तोंडात. 'बरं.' तेवढ्यावर सोडून द्यायचं?

आई : मग तू जा परत. पूर्ण पगार घे, बाईंचे पैसे पाठवत जा. ह्यांचं मी बघते.

मुलगी : परवा बाथरूममध्ये घसरले, तेव्हा त्यांना धरायला गेलीस आणि तूही खालीच. चालू मीटिंगमधून उठून दोघांना उचललं मी.

आई : मग आम्हालाही ने.

मुलगी : तिकडच्या लिफ्ट असलेल्या घरांची भाडी बघितली मी. अख्खा पगार तिथंच जातो. मग खायचं काय, साहेबाचं डोकं?

आई : मला नको विचारूस बाई. ह्या घरात शेवटचा शब्द कधी माझा होता?

मुलगी : तेही खरंच. (खाटेशी बसत) बाबा, माझं कॉलेज तुम्ही ठरवलंत, नोकरी तुम्ही ठरवलीत. मी थयथयाट केला तरी झालं तुमचंच. उद्या सकाळी साहेबाला कळवायचंय. परत जाऊ मी?

बाबा : बरं.

आई : थांब. उलटं विचारून बघ.

मुलगी : की इथंच राहू, बाबा?

बाबा : बरं.

मुलगी : दोन्हीला बरं नाही चालत, बाबा. एक काहीतरी सांगा.