सोनालीच्या आईचा ब्रश

— न्हाय न्हाय, पेटीला हात लावू नका अजून. आधी बसा. अवो बसा की पाव्हणं, पेटी काय पाय लावून पळून जायलीय का? एवढ्या उन्हात तेरहून टेंपो हाणत आलाव, घोटभर चहा तरी घ्या — ए बसवराज, दोन दे रे, एक बिनसाखरेचा! — समोरच हाटेल हाय त्याचं, आत्ता आणून देईल. नाव काय म्हणलाव? बिरदेव. बरं. आमच्या जावयानं धाडलं न्हवं तुमाला, कृष्णराजनं? सोनालीचा फोन आला व्हता मला. म्हणली, पप्पा, टेंपो यायलाय, आईची पेटी द्या, गादी द्या आन् भांडी द्या. म्या म्हणलं, अगं लुगडीच पायजेत तर पिशवी भरून यस्टीत ठिवतो की, कंडाक्टर वळखीचा हाय. तर म्हणली, पिशवी नको, पेटीच द्या. आता तुमीच सांगा, लेकीकडं चार दिवस ऱ्हायला गेलेल्या बाईला पेटी कशाला लागती? पिशवी घेऊन गेलेली बाई पिशवी घेऊन माघारी येती. पेटी गेली म्हंजे — जाऊ द्या. चहा यायलाय.

तवर हे बघा. हातात घ्या की, चावत न्हाय. ब्रश हाय. भांडी घासायचा. न्हाय, बाजारात मिळतो तसला न्हाय, म्या केलाय. ह्या मुठीत साबणाचं पाणी भरायचं, ह्या बुचातनं — आन् ते केसांच्या बुडातनं आपोआप झिरपतं. घासणी साबणात बुडवायचं कामच न्हाय. कशाला केला म्हणताव? सोनालीच्या आईसाठी. लकवा मारला न्हवं का तिला, समदं डावं अंग गेलं, तोंड वाकडं झालं. आता भांडं घासायचं म्हंजे दोन हात लागत्यात का न्हाय? एका हातानं भांडं धरायचं, एकानं घासायचं. हिला एकच हात. घासणी खाली ठिवायची, साबण लावायचं, परत घासणी उचलायची, तवर पातेलं गडगडत कोपऱ्यात. मग ही बूड घासत त्याच्या मागं. पातेलं धरून आणायचं, की परत तेच. मला हितनं दुकानातनं दिसायचं — ते मधलं दार उघडं असलं की मोरी सरळ दिसती, समोरच्या हाटेलातनं पण दिसती — आन् खरं सांगतो पाव्हणं, जीव तुटायचा माझा. बघवायचंच न्हाय. म्हणलं, बब्रुवान, अख्ख्या मुरुम गावातले फवारणीचे पंप तू दुरुस्त करतोस. टाकीतलं औषध नळीतनं नोझलला जातं, तसं साबण मुठीतनं केसात न्यायचं. एवढंच तर काम हाय.

एवढंच म्हणलं, पण लई रडवलं त्यानं. पहिला ब्रश सरळ बॅटरीच्या पंपालाच जोडला. बटन दाबलं आन् साबण फुस्सकन तिच्या डोळ्यात! लई शिव्या दिल्या तिनं. वाकड्या तोंडानं दिल्या, एक अक्षर धड न्हाय, मला हसू आलं. ते जरा चुकलंच. मग म्हणलं, जोर नको, थेंब थेंब आलं पायजे. दवाखान्यातली सलाईनची नळी घरात व्हती, तिला लावलेलीच. नळीला ती चाकी असती बघा, फिरवली की थेंब कमी-जास्त व्हतो. बाटली टांगली मोरीच्या वर खिळ्याला, नळी सोडली ब्रशात, तापलेल्या सुईनं केसांच्या मदी भोकं पाडली. साबण घट्ट झालं की भोकं बुजायची. पातळ केलं की नुसतंच पाणी, तेलाचं भांडं निघंना. कोमट पाण्यात कालवलं की बरोबर बसतं, हे कळायला माझा एक पावसाळा गेला, थट्टा न्हाय. रोज ब्रश खोलायचो, रोज बसवायचो. ती बिचारी मोरीपाशी बसून ऱ्हायची, उष्टी ताटं म्होरं घेऊन. म्हणायची, अवो, एवढ्या येळात तुमी — काय म्हणायची? असंच कायतरी. बायकांना धीर नसतो. म्हणायची, आणा हिकडं, मी तशीच घासते.

घ्या, आला चहा. ठीव रे बसवराज. हे तेरचे पाव्हणं, जावयाकडचे. न्हाय न्हाय, काय न्हाय, सहजच आलेत. जा तू.

काय म्हणलाव? मी? मी का न्हाय घासली? — हे बघा, आता तुमी हसवायलाव मला. अवो, मी ब्रश करायलो व्हतो की! दिवस त्यातच जायचा माझा. ब्रश पण म्याच करायचा आन् भांडी पण म्याच घासायची का? आन् मोरी कुठं हाय बघितलाव न्हवं? हाटेलाच्या बाकड्यावर सकाळपसनं माणसं बसलेली असत्यात, ज्याला त्याला दुसऱ्याच्या घरात बघायची फुरसत. उद्या म्हणत्याल, बब्रुवान बायकोची उष्टी काढतोय. मग कोण पंप टाकंल माझ्याकडं? इज्जतीवर धंदा चालतो गावात. तुमी घासताव? घरी? रोज? — बरं बरं. तुमच्याकडं चालत असंल.

आन् एक आधीच सांगतो, ती पडली ती ब्रशामुळं न्हाय. सोनाली तसं म्हणती, तुमाला पण सांगितलं असंल निघताना. ती चाकी बंद करायची ऱ्हायली, एवढंच. म्याच सोडली व्हती, थेंब कसे पडत्यात बघायला, तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. दुपारभर साबण झिरपलं आन् शहाबादी फरशी, आधीच गुळगुळीत. ती उठली पाण्याला आन् पडली उजव्या हातावर. चांगल्या हातावर. मनगट मोडलं. आवाज आला मला. मला वाटलं, पातेलं पडलं. वायसर बसवायलो व्हतो पंपाला, म्हणलं, बसवून जावं. बसवून गेलो. ती तशीच पडलेली, वरनं थेंब चालूच. हाक का मारली न्हाय म्हणून म्या तिलाच इचारलं. लकव्यापसनं तिला मोठ्यानं हाक मारायला येत न्हाय, ते मला तवा ध्यानात आलं न्हाय.

मग एक हात लकव्यात आन् एक पलास्तरात. नीलम्मा यायची भांड्याला, शेजारीण, कानडी बाई, लई मायेची. थोडे दिवस आली. मग तिच्या नवऱ्यानं इचारलं म्हणं, त्या घरात धडधाकट माणूस न्हाय का कोण? झालं, यायची बंद झाली. भांडी साठली. त्यातच सोनाली आली. मोरी बघितली, आईकडं बघितलं. आईची पिशवी भरली. जाताना दारातनं म्हणली, पप्पा, सुंभ जळलं तरी पीळ जात न्हाय तुमचा. बापाला असं बोलत्यात का? म्या म्हणलं, जाऊ दे, चार दिवसांनी राग निवंल.

पण ती गेली आन् मला सापडलं बघा! घरात कुणी बोलायला न्हाय, बसलो पंपाची नळी खोलून. त्या नळीत एक गोळी असती, तिच्या बुडाला स्प्रिंग. तीच गोळी हितं केसांच्या मदी बसवली. दाबा. अवो त्या कपावर दाबा, कप फुटत न्हाय. आलं का साबण? आता उचला. बंद! एक थेंब न्हाय. दाबलं तर सुटतं, उचललं तर बंद. आता चाकी नको, बाटली नको, फरशी कोरडी ठाक. आन् ही बघा सायकलच्या ट्यूबची चुंबळ, हिच्यात पातेलं बसवायचं, हलत न्हाय. एका हाताच्या माणसाला दुसरा हात लागत न्हाय. दुसरं माणूस तर बिलकूल लागत न्हाय.

घेऊन गेलो की तेरला! नवी पँट घालून गेलो. अंगणात पाऊल ठिवतो तर काय, आमचे जावईबापू, नोकरीवाला माणूस, पँटीचे पाय वर दुमडून नळाखाली ताटं घासायलेत. भर अंगणात! देवळाला जाणारी-येणारी माणसं बघायलीत आन् ह्यांना काय न्हाय त्याचं. ही खुर्चीत बसलेली, पलास्तर निघालेलं. त्याला म्हणायली, बुडाला काळं ऱ्हायलं बरं का. आन् हसायली. अर्ध्या तोंडानं, पण खळखळून. लकवा मारल्यापसनं म्या तिला हसताना बघितलं न्हवतं. मला तिथं उभं ऱ्हावंना. लाज वाटली — कृष्णराजची वाटली, दुसरी कुणाची? तोंड फिरवून उभा ऱ्हायलो घटकाभर. मग ब्रश दिला तिच्या हातात. तिनं दाबला, साबण आलं. उचलला, बंद झालं. म्हणली, चांगला झालाय. आन् माघारी दिला. माघारी दिला, पाव्हणं! म्या वाटभर इचार केला, काय चुकलं असंल? मग म्हणलं, मूठ. मोडलेला हात, बारीक मूठ धरवत नसंल. म्हणून ही जाड केली, वर रबर चढवलं. आता तुमी एवढं करा, ब्रश पेटीत ठिवा, वरच ठिवा, उघडलं की दिसला पायजे. सांगा तिला, मूठ बदललीय म्हणून —

का? मान का हालवायलाव?

ब्रश दिला तर आणू नका म्हणली? सोनाली म्हणली असंल. न्हाय? … तिची आईच म्हणली. तिच्या तोंडानं. बरं.

बरं, न्या पेटी. गादी पण न्या. भांडी? भांडी तिचीच हायत, म्या कुठं न्हाय म्हणलं? लग्नातली हायत समदी. नावं कोरलेली हायत, मला पाठ हायत. ताटावर, चि. सौ. कां. अयोध्या हिस मामाकडून. मोठ्या पातेल्यावर, मावशीकडून सप्रेम. तांब्यावर आत्याचं. माझं नाव एकावर पण न्हाय. नवरा कुठं भांडी देतो लग्नात! पण आज न्हाय नेता यायची ती. मोरीत हायत. ती गेली तवापसनं तिथंच हायत, मी खानावळीत जेवतो न्हवं का. पाणी घालून ठिवलंय म्या, वाळू दिली न्हायत. नीलम्माला निरोप धाडलाय, आज न्हाय तर उद्या येईल, मग तुमी परत कधीतरी —

अवो, अवो, काय करायलाव? उठा तिथनं. बाह्या कशाला मागं सारायलाव? पाव्हणा माणूस तुमी, मोरीत काय बसताव! व्हय, वास यायलाय, मला म्हाईत हाय. बरं, बसलाच हाव तर ह्यो ब्रश तरी घ्या. नको? ती तारेची घासणी जुनी हाय, हात सोलवटंल. बरं. तुमची मर्जी. — थांबा, थांबा जरा, हाटेलातनं माना वळवून बघायलीत समदी. शटर ओढतो आधी. … हं. आता घासा. आता कोण बघत न्हाय.

काय? विसळू? मी? … व्हय, कोण बघत न्हाय, ते खरं हाय. तसं खरं हाय. … न्हाय वो. माझ्यानं न्हाय व्हायचं. खाली बसवतच न्हाय मला. तुमी घासा, मी मोबाईलची बत्ती धरतो, हे बघा, दिसायलं का? पाव्हणं, एक ऐका. तिथं गेल्यावर ती पातेलं हातात घेईल, उलटं करून बघंल. इचारंल, कुणी घासलं. तर माझं नाव सांगा. म्हणा, त्यांनीच घासली. म्हणा, शटर उघडं टाकून बसले व्हते मोरीत, समद्या हाटेलासमोर, कुणाची लाज धरली न्हाय. एवढं सांगताल न्हवं? येईल वो ती. एवढं ऐकलं तर येईल. … बोला की. … पाव्हणं? …

बरं. घासा.